‘मायक्रोवेव्ह सेफ’ डबा वितळला कसा?

पत्र थोडक्यात : कोल्हापूरचे एक निवृत्त वाचक लिहितात की, पत्नीच्या मनगटाचा संधिवात वाढल्यापासून घरच्या स्वयंपाकाचा बराचसा भार त्यांनी उचलला आहे. दोघांचंच घर. मुलाने 28 लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, म्हणजे लहरींबरोबर गरम हवेवरही चालणारा, घेऊन दिला. उरलंसुरलं गरम करणं, शेंगदाणे भाजणं, पापड, कधी ढोकळा, भाजलेल्या भाज्या आणि नातवंडं आली की केक, एवढा त्यांचा वापर. पण लागोपाठ दोन अपघात झाले. तळाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेला प्लॅस्टिकचा डबा कन्व्हेक्शनवर ठेवला, तर तो वितळून जाळीला चिकटला. मग काचेचं भांडं आणलं. त्यात भाज्या भाजून ते ओट्यावर ठेवलं, तोच मोठा आवाज होऊन त्याचे खड्यांसारखे बारीक तुकडे स्वयंपाकघरभर उडाले. आता पत्नी म्हणतात, यंत्र माळ्यावर टाका, आपला गॅस बरा. दुकानदार म्हणतो, साडेसहा हजारांचा 21 नगांचा मायक्रोवेव्ह सेट घ्या, पुन्हा बघायला नको. मुलगी म्हणते, सगळं काचेचंच घ्या. पण काचेचं भांडं आईच्या हाताला पेलत नाही. घरात जुनी कल्हईची पितळी पातेली आहेत, ती चालतील का, हीही शंका आहे. ‘छाप असूनही डबा वितळतो, तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? आणि बायकोची समजूत कशी घालायची?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमचा वैताग रास्त आहे, पण डब्यावरचा छाप खोटा नव्हता. मायक्रोवेव्हच्या लहरींत हे भांडं स्वतः फारसं तापणार नाही, वितळणार नाही, एवढीच हमी त्या दोन शब्दांत असते. 180 अंशांच्या गरम हवेत ते टिकेल की नाही, याबद्दल तो छाप काहीच सांगत नाही. असे डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे असतात. तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा दिसेल. हे प्लॅस्टिक 160 अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मायक्रोवेव्हमध्ये आमटी उकळली तरी ती जेमतेम 100 अंशांपर्यंत जाते, म्हणून तोच डबा तिथे वर्षानुवर्षं तग धरतो. तुम्ही त्याला ज्या हवेत ठेवलंत, तिच्यापुढे त्याचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं.

तुमच्या पत्रात, दुकानदाराच्या बोलण्यात आणि तुमच्या मुलीच्या सल्ल्यातही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘मायक्रोवेव्हची भांडी’ अशी एक जात असते आणि ती एकदा घरात आणली की प्रश्न मिटला, असं तुम्ही तिघंही मानता. पण तुमच्याकडे आलेलं खोकं एक असलं तरी त्यात तीन निरनिराळ्या चुली आहेत: लहरींची, गरम वाऱ्याची आणि वरून तापणाऱ्या कॉइलची. कुठलं भांडं घ्यायचं हे ठरवायच्या आधी आपण यांतली कुठली पेटवणार आहोत ते ठरवावं लागतं. एकीला जे भांडं उत्तम, ते दुसरीला नेमकं निकामी असू शकतं.

साधा मायक्रोवेव्ह मोड घ्या. यात लहरी भांड्यातून आरपार जाऊन अन्नातल्या पाण्याला तापवतात. भांडं तापतं ते आतल्या अन्नामुळे. म्हणजे इथे भांड्याने फक्त वाट अडवायची नाही. काच, साधी चिनी माती, पॉलिप्रॉपिलिन, सिलिकॉन ही सगळी वाट देतात. धातू देत नाही, तो लहरी परतवतो. स्टीलच्या वाटीत ठेवलेला भात वरून थोडा तापेल, खाली गारच राहील. आणि टोकदार कड, काटा-चमचा किंवा चुरगळलेली फॉइल असेल, तर ठिणग्या उडतील. कपबशीच्या काठावरची सोनेरी रेघही धातूचीच असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लग्नात आलेला सोनेरी काठाचा टी-सेट मायक्रोवेव्हमध्ये नको.

आकाराचंही असंच. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच खोल शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरून आत झिरपणाऱ्या उष्णतेवर शिजतो. म्हणून उंच, निमुळत्या भांड्यापेक्षा पसरट भांडं बरं. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांना दोन बाजूंनी लहरी मिळतात, म्हणून कोपरे वातड होतात आणि मध्यभाग कच्चा राहतो. ढोकळा चौकोनी कापायचा असतो म्हणून लोक चौकोनी भांडं घेतात आणि मग कडा दगडासारख्या झाल्या म्हणून पिठाला दोष देतात. गोल भांड्यात करा, चौकोन सुरीने पाडता येतात.

कन्व्हेक्शनमध्ये हिशेब उलटतो. मागचा हीटर हवा तापवतो आणि पंखा ती फिरवतो. इथे भांड्याने स्वतः तापून ती उष्णता आतल्या पदार्थाला द्यायची असते. मायक्रोवेव्हमध्ये ज्याला मज्जाव, तो धातू इथे सगळ्यात कामाचा. केकसाठी ॲल्युमिनियमचं साधं भांडं सगळ्यात चांगलं, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. स्टीलचा पसरट डबा चालतो, पण त्यात रंग असमान येतो. आतून काळ्या, नॉनस्टिक भांड्यात केकची कड लवकर लाल होते. काचेत केक करायचा तर तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवा. काच तापायला वेळ घेते आणि तापली की निवायलाही. चिंच, टोमॅटो घातलेला पदार्थ लेप नसलेल्या ॲल्युमिनियममध्ये भाजू नका, आंबट ॲल्युमिनियमला खातं. बॅकेलाइटचे, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे, काळे दांडे असलेली कढई किंवा तवा आत घालू नका.

मोठ्या साध्या ओव्हनसाठी लिहिलेली पाककृती कन्व्हेक्शनवर करताना तापमान साधारण 20 अंशांनी उतरवायचं असतं. भांड्याच्या चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडा. वारा फिरायला वाव नसेल, तर कन्व्हेक्शनचा उपयोग काय?

तुमच्या कल्हईच्या पातेल्यांबद्दल. मायक्रोवेव्ह मोडमध्ये ती अर्थातच चालणार नाहीत, पितळ हा धातूच आहे. कन्व्हेक्शनलाही मी ती वापरणार नाही. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील 232 अंशांना वितळतं. तुम्ही 200 लावले तरी हीटरजवळ किंवा ग्रिलखाली भांड्याचा एखादा भाग त्याहून जास्त तापू शकतो. गॅसवर भांड्यात आमटी असते, ती भांड्याचा तळ सांभाळते. कोरड्या गरम हवेत तसं सांभाळणारं काही नसतं. ती पातेली वरण-आमटीसाठी ठेवा. कल्हई करणारा आज सहज मिळत नाही, म्हणून तर जपायची.

ग्रिल आणि कॉम्बिनेशन थोडक्यात सांगते, कारण तुमच्या वापरात ते फारसे दिसत नाहीत. ग्रिलमध्ये वरची कॉइल लाल होते, त्यामुळे तिथे प्लॅस्टिक, सिलिकॉन, कागद, काचेचं झाकण यांपैकी काहीच नको. कॉम्बिनेशनमध्ये लहरी आणि उष्णता एकाच वेळी असतात, म्हणजे भांड्याने वाटही द्यायची आणि तापही सोसायचा. दोन्ही परीक्षा पास होणारी बोरोसिलिकेट काच हीच घरगुती वापरात खात्रीची. ओव्हनबरोबर आलेली जाळी धातूची असूनही काही मोडमध्ये चालते, कारण ती त्याच ओव्हनसाठी मोजून बनवलेली असते. कुठल्या मोडमध्ये ते पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. बाजारातून आणलेली दुसरी जाळी तिच्या जागी वापरू नका.

जाळीचा विषय निघालाच आहे. तुमच्या जाळीला चिकटलेलं प्लॅस्टिक काढल्याशिवाय कन्व्हेक्शन किंवा ग्रिल लावू नका, धूर होईल. जाळी दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोठून ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक लाकडी उलथन्याने बरंचसं सुटून येतं. नाहीच सुटलं, तर कंपनीकडून त्याच मॉडेलची जाळी मागवा.

आता काचेकडे येऊ. भांड्याचे खड्यांसारखे बारीक तुकडे झाले हे तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत. त्यावरून ती काच बहुधा कोणती होती ते कळतं. बाजारात ओव्हनसाठी म्हणून दोन प्रकारची काच विकली जाते. एक टफन केलेली साधी सोडा-लाइम काच. कारखान्यात ती तापवून झटकन गार केलेली असते, त्यामुळे तिच्या अंगात ताण भरलेला असतो; फुटते तेव्हा तो ताण एकदम सुटतो आणि तिचे खडे होतात. दुसरी बोरोसिलिकेट. ती फुटली तर बहुधा मोठ्या फाकांमध्ये फुटते. उष्णतेने ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून गरम-गारचा धक्का तिला कमी बसतो. जर्मनीतल्या येना इथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली, प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी. स्वयंपाकघरात ती आणण्याचं श्रेय मात्र एका गृहिणीला जातं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत काम करणाऱ्या जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी 1913 साली बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजून पाहिला. तो छान झाला, आणि 1915 मध्ये पायरेक्स या नावाने अशी भांडी बाजारात आली.

त्यामुळे काचेचं भांडं घेताना ‘ओव्हन सेफ’ एवढ्यावर न थांबता खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द आहे का ते वाचा. आपल्याकडे बोरोसिल या कंपनीचं नाव कुठल्याही काचेच्या भांड्याला सर्रास लावतात, आणि दुकानातही ‘बोरोसिल दाखवा’ म्हटलं की वेगळंच काहीतरी पुढे येतं. जेवणाच्या पांढऱ्याशुभ्र ओपल काचेच्या प्लेटा तर वेगळ्याच. त्या बहुतेक मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठीक, पण कन्व्हेक्शनला आणि ग्रिलला नकोत.

अर्थात तुमच्या ओट्यावर बोरोसिलिकेट असतं, तरी ते शाबूत राहिलंच असतं असं मी म्हणणार नाही. ओटा ग्रॅनाइटचा आहे का? ओला होता का? 200 अंशांवरचं भांडं थंड, ओल्या दगडावर ठेवणं म्हणजे त्याच्या तळाला एका क्षणात आकसायला लावणं. वरचा भाग अजून फुगलेलाच असतो. कुठलीही काच असली तरी लाकडी पाटावर किंवा चार पदरी कोरड्या फडक्यावर ठेवायची. फ्रिजमधून काढलेलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचं नाही. शिजताना कोरडं पडलं म्हणून गार पाणी ओतायचं नाही, घालायचं तर उकळतं घाला. गॅसवर ठेवायचं नाही. आणि तारेच्या घासणीने घासायचं नाही, कारण ओरखडा पडलेली काच पुढे तिथूनच तडकते. करपलेलं चिकटलं असेल, तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजू द्या.

तुमची मुलगी सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबर सांगते आहे, पण तिने मनगटाचा विचार केलेला नाही. झाकणासह दीड-दोन लिटरचं काचेचं भांडं रिकामंच किलोच्या वर भरतं. त्यात भाजी घातली, ते तापलं, हातात जाड मोजे चढले, की धडधाकट हातालाही ते जड जातं. संधिवाताच्या हाताची गोष्टच सोडा. मोठं भांडं घेण्याचं कारणच काय? घरात दोघं आहात. अर्धा-पाऊण लिटरची दोन लहान भांडी घ्या. मायक्रोवेव्हमध्ये तर लहान भांड्यातलं थोडं अन्न जास्त एकसारखं तापतं, कारण तिथे वेळ अन्नाच्या मापावर ठरतो. भांड्याला दोन्ही बाजूंनी रुंद कान असलेलं पाहा, ज्यात चार बोटं बसतील. गुळगुळीत गोल वाडगा दुकानात देखणा दिसतो, पण गरम असताना त्याला धरायला काही नसतं. आपली रोजची सांडशीही इथे कामाची नाही: काचेचा जाड काठ तिच्यात नीट बसत नाही, आणि दाबून धरलं तर टवका उडतो.

आणखी एक करता येईल. मायक्रोवेव्ह मोडमध्ये शिजलेलं भांडं दर वेळी बाहेर काढलंच पाहिजे असं नाही. दार उघडून, वाफ जाऊ देऊन, डावाने थेट ताटात वाढा. रिकामं भांडं निवल्यावर उचला. कन्व्हेक्शननंतर मात्र आतल्या भिंतीही तापलेल्या असतात, तिथे हात घालायला घाई करू नका. केकचं ॲल्युमिनियमचं भांडं अगदी हलकं असतं. भाज्या भाजायलाही तसलंच पसरट, हलकं भांडं किंवा ओव्हनबरोबर आलेला ट्रे घेतलात, तर कन्व्हेक्शनच्या कामात जड काच उचलायची वेळच येणार नाही. आंबट मसाला असेल तेवढ्यापुरती काच. तुमच्या घरात काच मुख्यतः मायक्रोवेव्ह मोडसाठी, तीही लहान मापाची, असं ठरवा.

सिलिकॉनची मऊ भांडी हलकी असतात आणि साधारण 220 अंशांपर्यंत टिकतात, म्हणून मनगटासाठी ती उत्तम वाटतील. पण पातळ पीठ भरलेलं सिलिकॉनचं भांडं उचललं की मधून दुमडतं आणि अर्धं पीठ ओट्यावर येतं. घ्यायचंच तर लहान वाट्या घ्या. नातवंडांच्या कपकेकला, एक-दोन जणांच्या ढोकळ्याला त्या छान, आणि कपकेकसाठी जाळीवर, ढोकळ्यासाठी फिरत्या थाळीवर ठेवूनच भरायच्या.

प्लॅस्टिकबद्दल अनेक वाचक घाबरून विचारतात, त्यांच्यासाठीही इथेच लिहिते. बीपीए या ज्या रसायनाची चर्चा होते, ते प्रामुख्याने पॉलिकार्बोनेटच्या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये असतं, पॉलिप्रॉपिलिनमध्ये नसतं. म्हणून 5 आकड्याच्या डब्यात भात दोन मिनिटं गरम केला, तर जीव टांगणीला लावायचं कारण नाही. तरी मी स्वतः प्लॅस्टिक फक्त ठेवणीला वापरते, गरम करताना चिनी मातीच्या ताटलीत काढून घेते. कारण साधं आहे: तेल आणि साखर 100 अंशांवर थांबत नाहीत. तेलाचा तवंग असलेला रस्सा, तूप घातलेला शिरा, गुळाचा पाक यांच्यामुळे डब्याच्या कडेला खरखरीत, पांढुरके चट्टे पडतात. ते पिवळं-पांढरं खरवडलेलं रूप आलेला डबा गरम करण्याच्या कामातून बाद करा. शेंगदाणे तर प्लॅस्टिकमध्ये कधीच भाजू नका. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे, आइस्क्रीमचे डबे, मेलामाइनच्या प्लेटा मायक्रोवेव्हमध्ये नकोत.

घरातल्या एखाद्या मगाबद्दल किंवा वाडग्याबद्दल शंका असेल, तर एक चाचणी आहे. ते भांडं रिकामं आत ठेवा, शेजारी काचेच्या कपात पाणी भरून ठेवा आणि पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं चालेल. भांडंच तापलं असेल, तर ते लहरी शोषून घेतंय, ते नको. मातीची न भाजलेली किंवा ओल धरणारी भांडी इथे हमखास नापास होतात. पाण्याचा कप ठेवायला विसरू नका, मायक्रोवेव्ह मोड रिकामा चालवायचा नसतो. धातूवर आणि सोनेरी काठाच्या भांड्यांवर ही चाचणी करायची नाही. आणि ही परीक्षा फक्त लहरींची आहे, कन्व्हेक्शनची नाही.

आता तो 21 नगांचा सेट. त्यातले झाकणं, वाट्या, चमचे वेगळे मोजले की किती भांडी उरतात ते दुकानातच पाहा. पत्रात तुम्ही जे पदार्थ लिहिलेत ते एकेक करून बघू या. पापडाला भांडंच लागत नाही, थेट फिरत्या काचेच्या थाळीवर ठेवा. शेंगदाण्यांना घरातली कुठलीही पसरट, साधी चिनी मातीची किंवा काचेची थाळी पुरे. एकाच थरात पसरा, दर मिनिटाला हलवा, आणि खमंग वास सुटला की थोडे कच्चे वाटतानाच बाहेर काढा, कारण दाणे बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेने भाजत राहतात. गरम करायला चिनी मातीचे वाडगे घरात असतीलच, वर दुसरी ताटली पालथी घाला. ढोकळ्याला एक गोल, सरळ काठाचं काचेचं भांडं. केकला ॲल्युमिनियमचं सात इंची. म्हणजे विकत आणायचं काय? अर्धा-पाऊण लिटरची कानवाली दोन बोरोसिलिकेट भांडी, एका तरी काचेच्या झाकणाची; त्यांतलंच एक सरळ काठाचं बघितलं की ढोकळाही त्यात होईल. केकचं एक भांडं. कोपरापर्यंत येणारे जाड सुती मोजे. हे सगळं सेटच्या निम्म्याहून कमी पैशांत व्हावं.

जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. 28 लिटरच्या ओव्हनची फिरती थाळी साधारण 12 इंचांची असते, पण तुमची मोजून घ्या. भांडं कानांसकट फिरलं पाहिजे. नऊ इंची चौकोनी भांडं 12 इंचांच्या थाळीवर आरामात बसेल असं वाटतं, पण त्याचा कर्ण पावणेतेरा इंच भरतो, ते फिरताना भिंतीला अडकू शकतं. उंचीही बघा, खाली जाळी ठेवल्यावर वर किती जागा उरते ती. भात किंवा दूध मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल, तर भांडं आतल्या ऐवजाच्या तिप्पट तरी मोठं हवं, नाहीतर सगळं थाळीवर येतं. केकच्या कृतीत आठ इंची भांडं सांगितलं असेल आणि तुमच्याकडे सहा इंची असेल, तर ‘दोनच इंचांचा फरक’ म्हणून सोडून देऊ नका: तळाचं क्षेत्रफळ 64 ला 36 या प्रमाणात बदलतं, तेच पीठ जवळजवळ दुप्पट उंच होईल, मधे कच्चं राहील. दोन तृतीयांशापर्यंतच भरा, उरलेलं सिलिकॉनच्या वाट्यांत घाला.

राहिला प्रश्न समजूत घालण्याचा. ती घालायलाच हवी का? तुमच्या पत्रातून मला त्यांचा विरोध यंत्राला आहे असं वाटत नाही. ज्यांचे हात दुखतात, त्यांच्या पायाखाली काचेचे खडे पसरले आणि ते बहुधा वाकून वेचावेही लागले. त्या यंत्र माळ्यावर टाका म्हणाल्या, तर त्यात नवल नाही. शिवाय अर्ध्या बाबतीत त्या बरोबर आहेत. वांग्याचं भरीत गॅसवरच करा. मायक्रोवेव्हमध्ये वांगं उकडतं, त्याला तो धुरकट वास येत नाही (आणि टोचे मारायला विसरलात, तर फुटतं ते वेगळंच). फोडणी गॅसवर. भाकरी, पोळी गॅसवर. यंत्राला सगळं जमतं हे त्यांना पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका. दाणे, पापड, गरम करणं आणि ढोकळा एवढंच काही दिवस करा, कन्व्हेक्शन नातवंडं येतील तेव्हाच लावा. त्या स्वतः वापरणार असतील, तर भांडी निवडताना त्यांना दुकानात सोबत न्या आणि रिकामं भांडं दोन्ही हातांनी उचलून, दुकानात जरा इकडून तिकडे नेऊन बघायला सांगा. मनगटाला ते जड लागलं, तर कितीही चांगल्या काचेचं असलं तरी परत ठेवा.

आणि दुकानात जाण्याआधी घरी एक पाहून ठेवा: ओव्हन कुठे आहे? बऱ्याच घरांत तो फ्रिजवर किंवा वरच्या फळीवर चढवलेला असतो. डोक्याच्या उंचीवरून गरम भांडं उतरवायचं असेल, तर हलकं भांडंही धोक्याचं. ओट्याच्या उंचीवर, मागे आणि वर पुस्तिकेत सांगितलेली जागा सोडून तो ठेवा, आणि शेजारी एक लाकडी पाट कायमचा मांडून टाका.